कर्करोगात लाळ गळत असेल तर: घरच्या शुश्रूषेपासून औषधांपर्यंत

कर्करोगाच्या रुग्णाची लाळ सतत गळू लागली की घरच्यांचा पहिला समज असा होतो की तोंडात लाळ फार तयार होते आहे, आणि म्हणून ती आटवणारे औषध मिळाले की प्रश्न सुटेल. बहुतेक वेळा हा समज चुकीचा असतो. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आपण नकळत गिळत असतो म्हणून जाणवत नाही. जीभ, गाल, ओठ, जबडा किंवा घसा यांपैकी एखादा भाग शस्त्रक्रियेने निघाला, सुजला, बधिर झाला किंवा त्याची हालचाल मंदावली, तर लाळ तेवढीच असते, पण ती मागे घशाकडे जात नाही आणि पुढे ओठांवरून सांडते. हा फरक नीट समजला की पुढची प्रत्येक पायरी सोपी होते. लाळ आटवणारी औषधे ही शेवटच्या काही पायऱ्यांपैकी एक आहे, पहिली नव्हे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. खारघरच्या सेक्टर २२ मधील टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र, परळचे टाटा रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथे ही कुटुंबे ये-जा करीत असतात. ओपीडीत मिळणाऱ्या थोड्या वेळात शस्त्रक्रिया, केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, यांबद्दल बोलणे होते. लाळेबद्दल विचारायचे राहून जाते किंवा विचारायला संकोच वाटतो. तो संकोच सोडावा. लाळ गळणे ही उपचार करता येणारी तक्रार आहे आणि ती डॉक्टरांना सांगण्याइतकी महत्त्वाचीही आहे.

आधी दोन दिवस नोंद ठेवा

कोणताही उपाय करण्यापूर्वी दोन दिवस एका वहीत नोंद ठेवावी. लाळ पातळ पाण्यासारखी आहे की चिकट, तारा सुटणारी आहे, ती दिवसा जास्त गळते की रात्री झोपेत, जेवताना ठसका लागतो का, दिवसात किती फडकी किंवा नॅपकिन भिजतात, आणि त्रास नेमका कधी सुरू झाला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर, शेक चालू असताना की एखादे नवे औषध सुरू केल्यावर, एवढे लिहिले तरी डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते.

यांतील पातळ की चिकट हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. डोके आणि मान यांवर शेक घेतलेल्या पुष्कळ रुग्णांच्या लाळग्रंथी मंदावलेल्या असतात. त्यांच्या तोंडात लाळ कमी असते, पण जी असते ती डिंकासारखी घट्ट होते, घशात अडकते आणि वारंवार थुंकावी लागते. घरच्यांना वाटते की लाळ वाढली आहे. अशा रुग्णाला लाळ आटवणारे औषध दिले तर ती आणखी घट्ट होते आणि त्रास दुप्पट होतो. त्याला हवे असते ते पाणी, वारंवार चुळा, खोलीतील हवेत ओलावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सलाइनची वाफ, म्हणजे नेब्युलायझर. या लेखातील औषधांचा भाग अशा रुग्णांसाठी नाही.

औषधांची यादीही वहीत लिहावी. मळमळीसाठी किंवा झोपेसाठी दिलेले ओलान्झापिन, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, भ्रमासाठीचे हॅलोपेरिडॉल, शांत करणारे क्लोनाझेपाम अशा औषधांनी काहींची लाळ गळू लागते, कारण त्यांपैकी काहींमुळे गुंगी येते आणि काहींमुळे चेहरा व हातपाय ताठरतात, परिणामी गिळणे मंदावते. इरिनोटेकान हे केमोचे औषध चढत असताना किंवा त्यानंतरच्या चोवीस तासांत एकाएकी लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ आणि जुलाब सुरू झाले तर ती त्या औषधाची ओळखीची प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर अ‍ॅट्रोपिनचा उपाय असतो. वॉर्डातील परिचारिकेला लगेच सांगावे, आणि घरी आल्यावर झाले तर वॉर्डाला फोन करावा. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मिश्री, तंबाखू, मावा आणि सुपारी यांचीही स्पष्ट चौकशी करावी. मिश्री लावल्याने लाळ सुटते आणि तोंडाची आगही वाढते. कर्करोगाचे निदान झाल्यावरही ही सवय लपून चालू राहिल्याचे दिसते, विशेषतः वयस्क स्त्रियांमध्ये, आणि रागावल्याने ती केवळ अधिक लपते. घरातील ज्याचे बोलणे त्या ऐकतात त्याने शांतपणे विचारावे.

वाट पाहू नये अशी लक्षणे

श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येणे, स्वतःची लाळही गिळता न येणे आणि हे एकाएकी सुरू झालेले असणे, तोंडातून ताजे रक्त येणे, ताप येऊन खोकला आणि धाप लागणे, चेहऱ्याची एक बाजू अचानक वाकडी होणे किंवा रुग्ण अर्धवट शुद्धीत असणे, यांपैकी काहीही दिसले तर ओपीडीची तारीख बघत बसू नये. १०८ वर फोन करावा किंवा जवळच्या आपत्कालीन विभागात न्यावे. लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया हा या तक्रारीतील सर्वांत मोठा धोका आहे, आणि केमोने प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णात तो वेगाने बळावतो.

तोंड स्वच्छ ठेवणे

तोंडातील जखम, बुरशी, किडलेला दात, नीट न बसणारी कवळी किंवा टाळूची प्लेट यांमुळे लाळ जास्त सुटते आणि गिळताना दुखते म्हणून ती तोंडात साठते. म्हणून स्वच्छता हा निव्वळ नीटनेटकेपणाचा भाग नाही, उपचाराचाच भाग आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालावा, त्या पाण्याने दिवसातून चार ते सहा वेळा चूळ भरावी आणि उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे. बाजारातील झणझणीत, अल्कोहोल असलेले माउथवॉश वापरू नये. ज्यांना चूळ भरताना ठसका लागतो त्यांच्यासाठी स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून, याच पाण्यात बुडवून आणि पिळून गालांच्या आतली बाजू, जिभेखालचा भाग आणि हिरड्या हलक्या हाताने पुसाव्यात. शस्त्रक्रियेच्या टाक्यांना किंवा फ्लॅपला, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून घेऊन जोडलेल्या कातडी-मांसाच्या तुकड्याला, मात्र सर्जनने दाखवल्याशिवाय हात लावू नये.

जिभेवर किंवा गालात दह्यासारखे पांढरे थर दिसले आणि खाली लालसर, दुखरी जागा असली तर बुरशीची शंका घ्यावी. तिचे औषध सोपे असते आणि गुणही लवकर येतो. कवळी आणि टाळूची प्लेट रोज काढून घासावी आणि झोपताना तोंडात ठेवायची की काढायची हे दंतविभागाला विचारावे. तोंड कमी उघडत असेल तर जबड्याच्या व्यायामाबद्दलही विचारावे; आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम पुष्कळ रुग्णालयांत शिकवतात. जखमेला दुर्गंधी असेल तर अत्तर, उदबत्ती यांनी ती झाकण्याचा प्रयत्न करू नये, डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर औषध असते.

बसणे, झोपणे, गिळणे

मान पुढे झुकली की लाळ ओठांकडे वाहते आणि मागे टाकली की ती श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. म्हणून डोके सरळ, पाठीला आधार आणि दोन्ही कोपरांखाली उशी किंवा टेबल, अशी बैठक साधावी. अशक्त रुग्णाची मान अनेकदा कोपरांना आधार नसल्यामुळेही खाली पडते, आणि ही साधी गोष्ट बहुतेक घरांत कोणी सांगितलेली नसते. जेवताना ताठ बसवावे आणि जेवणानंतर किमान अर्धा तास तसेच बसू द्यावे. रात्री पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी आणि एका कुशीवर झोपवावे, म्हणजे लाळ घशात न जाता गालाखालच्या टॉवेलवर उतरते. पलंग उंच करणे शक्य नसेल तर नुसत्या उशा रचून मान मुडपते. त्याऐवजी गादीखाली घडी घातलेली घोंगडी घालून पाठीसकट वरचे अंग उचलावे.

पुष्कळ रुग्णांना लाळ साठल्याची जाणीवच होत नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर ओठ आणि हनुवटी बधिर असतात. अशांना वेळेवर आठवण लागते. ओठ मिटावेत, दात जुळवावेत, जीभ टाळूला लावावी आणि गिळावे, एवढाच क्रम. तो दर काही मिनिटांनी आणि बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आवर्जून करायचा. मोबाइलचा आवाज बंद करून ठरावीक वेळाने थरथरणारा गजर लावला तर दिवसभर कोणी मागे लागावे लागत नाही.

याहून पुढचे व्यायाम, म्हणजे ओठांत पातळ पट्टी धरणे, गाल फुगवणे, जिभेच्या हालचाली, हे वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाकडून, म्हणजे स्पीच अँड स्वॅलो थेरपिस्टकडून शिकावेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बहुधा हा विभाग असतो आणि सर्जनला विचारले तर तेथे चिठ्ठी मिळते. माझ्या मते तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर ही एक भेट सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि तीच सर्वांत जास्त वेळा चुकते, कारण बोलणे सुधारणे म्हणजे नंतरची चैन असा समज असतो. प्रत्यक्षात हाच तज्ज्ञ पाणी पिताना ठसका का लागतो, ते किती घट्ट करून द्यावे आणि कोणत्या बाजूला मान वळवून गिळावे हे तपासून सांगतो.

कातडी आणि कापड

सतत ओली राहणारी हनुवटी आणि ओठांचे कोपरे लाल होतात, फाटतात आणि मग त्यांत बुरशी येते. कोमट पाण्याने दिवसातून दोनदा धुवावे, घासू नये, टिपून कोरडे करावे आणि पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावावा, म्हणजे लाळ थेट कातडीला लागत नाही. शेक चालू असेल तर कोणते मलम, किती आणि शेकाच्या किती आधी लावायचे हे रेडिएशन विभागालाच विचारावे. त्या काळात हळद, तुरटी, टाल्कम पावडर असे घरगुती प्रयोग करू नयेत. दाढी वस्तऱ्याने करण्यापेक्षा ट्रिमरने केलेली बरी.

लाळ पुसायला टिश्यू पेपर सतत वापरला तर कातडी सोलवटते. जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलीचे हातरुमालाएवढे तुकडे कापून दोन डझनांचा संच करावा. गळ्याभोवती बाळासारखे लाळेरे बांधणे मोठ्या माणसाच्या मनाला फार लागते. त्याऐवजी पुरुषांसाठी उपरणे किंवा पंचा, स्त्रियांसाठी ओढणी किंवा स्टोल घ्यावा आणि आतून पाणी न झिरपणारा पातळ कपडा शिवून घ्यावा. गडद रंग आणि बारीक नक्षी असली की ओल दिसत नाही. कोणताही शिंपी हे काम करून देतो.

आपल्याकडे खरी अडचण येते ती जून ते सप्टेंबर. ठाण्याच्या आणि खाडीकाठच्या नवी मुंबईच्या दमट हवेत फडकी दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि अर्धवट ओल्या फडक्याने पुसले तर बुरशीच पसरते. पावसाळ्यात संच दुप्पट ठेवावा, फडकी गरम पाण्यात साबणाने धुवून पंख्याखाली पसरावीत आणि वापरण्यापूर्वी इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करावीत. भिजलेल्या फडक्यांसाठी झाकणाची वेगळी बादली ठेवावी आणि ती हाताळल्यावर हात धुवावेत.

खाणे-पिणे

लिंबू, चिंच, कोकम, लोणचे अशा आंबट पदार्थांनी लाळ सुटते, त्यामुळे बाहेर जाण्याच्या किंवा झोपण्याच्या आधी ते टाळावेत; मऊ भात आणि मुगाचे वरण, नाचणीची आंबील, दुधातली खीर असे एकसारखे मऊ पदार्थ गिळायला सोपे जातात. लाळ गळते म्हणून पाणी कमी देण्याची चूक मात्र पुष्कळ घरांत होते. गळणाऱ्या लाळेबरोबर शरीरातील पाणी आणि क्षार दोन्ही जातात, त्यामुळे पाणी कमी केल्यास रुग्ण सुकतो, लघवी गडद होते आणि थकवा वाढतो. नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न चालू असेल तर गळणाऱ्या लाळेची भरपाई धरून रोजचे पाणी किती द्यावे हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. नळी घातली म्हणजे ठसक्याचा धोका संपला असेही नाही, कारण लाळ तोंडातच तयार होत राहते.

घराबाहेर

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-पनवेलकडे किंवा मुंबईहून हार्बरने खारघरकडे जाताना गर्दीत फडके सांभाळणे अवघड होते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. उपचाराची कागदपत्रे जवळ ठेवावीत. पिशवीत कोरडी फडकी, ओल्या फडक्यांसाठी बंद होणारी पिशवी, झाकणाची छोटी डबी, पाण्याची बाटली आणि एक जादा सदरा असावा. मास्क लावल्याने अनेकांना मोकळे वाटते, पण आत गॉजची घडी ठेवून ती वारंवार बदलावी, नाहीतर त्याखालची कातडी दिवसभर ओली राहते.

घरातील वागणूक

चार माणसांत "बाबा, तोंड पुसा" असे म्हटले की बाबा दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत येत नाहीत. त्यापेक्षा एक खूण आधी ठरवून घ्यावी. घरच्याने स्वतःच्या हनुवटीला बोट लावले की रुग्णाने पुसायचे. हात चालत असतील तर पुसण्याचे काम त्यालाच करू द्यावे. बोलणे अस्पष्ट झाले असेल तर पाटी किंवा मोबाइलवर लिहिण्याची सोय करावी आणि त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. लाळेतून कर्करोग पसरत नाही, त्यामुळे नातवंडांना आजोबांपासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. ही गोष्ट शेजाऱ्या-पाजाऱ्यांनाही स्पष्ट सांगावी.

औषधे

वरील सर्व करूनही पातळ लाळ गळत राहिली तर डॉक्टर लाळ कमी करणारे औषध विचारात घेतात. ग्लायकोपायरोलेट, हायोसिन, रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन, आणि डोळ्यांत घालायचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब जिभेखाली, हे नेहमीचे पर्याय आहेत. डोळ्यांचे औषध तोंडात का, असे विचारून पुष्कळ घरी ते वापरलेच जात नाही; डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर ही पद्धत रूढ आहे हे लक्षात ठेवावे, पण थेंबांची संख्या त्यांनी सांगितलेलीच पाळावी. ग्लायकोपायरोलेट मेंदूत फारसे जात नाही, म्हणून वयस्क रुग्णांत भ्रम होण्याची भीती त्या मानाने कमी असते. अमिट्रिप्टिलिनने नसांचे दुखणे आणि झोप यांनाही मदत होते.

या सर्व औषधांची अडचण एकच आहे: ती फक्त लाळ थांबवत नाहीत. बद्धकोष्ठता होते, आणि रुग्ण मॉर्फीनवर असेल तर ती फार वाढते. लघवी अडते, छातीत धडधड होते, दृष्टी धूसर होते, घाम कमी येतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम न येणारा रुग्ण पटकन तापतो, म्हणून त्या दिवसांत पंखा, ओले कापड आणि पाणी यांकडे जास्त लक्ष द्यावे. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा आतड्यात अडथळा असल्यास हे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. लाळ पूर्ण आटवणे हे उद्दिष्ट नसते. फडके कमी वेळा बदलावे लागणे एवढे पुरे. लाळ दातांचे रक्षण करते, आणि शेक घेतलेल्या जबड्यात दात किडले तर ते काढणेही धोक्याचे असते.

सक्शन मशीन

जिभेचा मोठा भाग निघालेला असेल किंवा गळ्याला छिद्र, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी असेल तर घरी सक्शन मशीन, म्हणजे नळीने लाळ ओढून काढणारे यंत्र, लागू शकते. ते विकत घेण्याआधी आपल्या भागातील सामाजिक संस्था चालवतात त्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत चौकशी करावी. अनामत रक्कम भरून ते काही काळासाठी मिळू शकते. घरी नेण्यापूर्वी वॉर्डातील परिचारिकेकडून दाब लावून घ्यावा आणि तिच्यासमोर स्वतः करून दाखवावे. तोंडातील सक्शन गालाच्या खोबणीत आणि जिभेखालीच करावे, एका वेळी दहा सेकंदांच्या आत, घशात खोल नळी घालू नये; उबळ येते आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी असतील तर रक्तस्राव होतो. बरणी पूर्ण भरण्याआधी रिकामी करावी. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारे मशीन घ्यावे किंवा पायाने चालणारे जवळ ठेवावे. अगदी शेवटच्या दिवसांत घशात घरघर होऊ लागली तर सक्शनने ती थांबत नाही, उलट रुग्णाला त्रास होतो. कुशीवर वळवणे आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या विभागाच्या, डॉक्टरांनी दिलेले औषध हाच योग्य मार्ग असतो.

औषधांनी भागले नाही तर

लाळग्रंथींत सोनोग्राफीच्या मदतीने बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देता येते. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारणतः तीन-चार महिने टिकतो. मात्र गिळणे आणखी अशक्त होण्याची शक्यता असल्याने ते अनुभवी हातांनीच व्हावे. निवडक रुग्णांत ग्रंथींना अल्प मात्रेचा शेक, किंवा ओठांचा कोपरा घट्ट करण्याची छोटी शस्त्रक्रिया हेही पर्याय असतात. कोणता योग्य हे मूळ आजाराची स्थिती पाहून ठरते. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्र किंवा समाजसेवा विभागाला विचारावे.

लाळेची स्थिती उपचाराबरोबर बदलत जाते. शस्त्रक्रियेनंतर पातळ असलेली लाळ शेक सुरू झाल्यावर चिकट होऊ शकते, आणि मग कालपर्यंत उपयोगी असलेले औषध आज बंद करावे लागते. म्हणून शेक सुरू होताना, संपताना, केमो बदलल्यावर किंवा नवी नळी घातल्यावर पुन्हा दोन दिवसांची नोंद ठेवावी, आणि वही, सध्याच्या सर्व औषधांची पाकिटे व हनुवटीच्या कातडीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन पुढच्या ओपीडीला जावे.